वाकणारी काठी

मराठीत निरुद्योगी बसण्याला ‘माश्या मारणे’ म्हणतात. मराठीचे अध्यापन हाच आम्हां उभयतांचा चरितार्थ असल्याने हा वाक्प्रचार आम्ही वर्गात आणि घरात सारख्याच सहजतेने वापरत आलो. माशीने मासा धरण्याची एक विद्या जगात आहे, इंग्रजीत तिच्याविषयी १४९६ सालापासून छापील मजकूर उपलब्ध आहे, आणि तिच्यासाठी लागणारी काठी निवडताना आपल्याला दोन महिने अभ्यास करावा लागेल, हे मात्र २०२३ च्या दिवाळीपर्यंत आमच्या गावीही नव्हते.

त्या दिवाळीत आमचे चिरंजीव म्हणाले, “मला फ्लाय रॉड हवाय.”

वाक्य साधे आहे. पण जूनपासून त्या दिवसापर्यंत त्याने आमच्याजवळ काही मागितल्याचे हे पहिलेच वाक्य होते. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला तो २०२२ मध्ये बसला आणि २०२३ मध्ये पुन्हा बसला. दोन्ही वेळा गुण कमी पडले. दुसऱ्या निकालानंतर तो रडला नाही, चिडला नाही, बोलायचा थांबला. जेवायला हाक मारली की येई, ताट धुऊन ठेवी आणि खोलीत जाई. रात्री दाराच्या फटीतून भ्रमणध्वनीचा निळसर उजेड दिसे. काय पाहतोस, असे एकदा विचारले तेव्हा त्याने पडदा आमच्याकडे वळवला. आवाज बंद होता. कुणी एक मनुष्य गुडघाभर पाण्यात उभा राहून हवेत दोरीची लांबलचक वळणे काढीत होता. “हे काय माश्या मारणं चाललंय?” हे वाक्य आमच्या ओठांवर आले होते. ते आम्ही गिळले, एवढेच आमचे त्या दिवसाचे पुण्य.

मागणी आल्यावर मात्र आम्ही अतिउत्साहाने कामाला लागलो. कऱ्हाडात ही वस्तू मिळणे शक्यच नव्हते, म्हणून कोल्हापुरात एका दुकानी गेलो. दुकानदाराने ६५० रुपयांची, एकात एक सरकणारी, दुर्बिणीसारखी लांब होणारी काठी हाती दिली आणि सांगितले, “हिच्यावर सगळं चालतंय.” आम्ही ती वर्तमानपत्रात गुंडाळून, मोठ्या ऐटीत घरी आणली. चिरंजीवांनी ती उघडली, पूर्ण लांब केली, पुन्हा मिटवली आणि म्हणाले, “ही ती नाही.” मग आमचे पडलेले चेहरे पाहून असेल, तो खाली बसला आणि समजावून सांगू लागला. जवळजवळ पाऊण तास तो बोलला. पाच महिन्यांतले सर्वांत दीर्घ संभाषण आम्हांला त्या चुकीच्या काठीमुळे लाभले, म्हणून ते ६५० रुपये आम्ही आजही वाया गेलेले मानत नाही.

त्याने सांगितले ते असे. आपल्या नेहमीच्या गळाला शिशाचे वजन असते, किंवा आमिषच वजनदार असते. ते भिरकावले की आपल्यामागे बारीक तंगूस ओढीत नेते. या विद्येतली माशी म्हणजे आकड्यावर पिसे, लोकर आणि रेशीम बांधून केलेला कीटकाचा आभास. तिला जवळजवळ वजनच नसते. भिरकावली तर पिसासारखी पायाशी पडेल. म्हणून येथे वजन दोरीला दिलेले असते. जाड, मेणचट, पाण्यावर तरंगणारी दोरी हवेत फेकायची आणि तिच्या टोकाला बांधलेली माशी तिच्यामागून आपसूक जाते. ती दोरी हवेत खेळवणे हेच काठीचे काम. त्यामुळे काठी आणि दोरी यांचे जमणे महत्त्वाचे, आणि ते जमावे म्हणून दोन्हींवर एकच क्रमांक छापलेला असतो.

या क्रमांकांचे आम्हां वाङ्मयीन जीवांना वाटणारे भय त्याने एका संध्याकाळी घालवले. दोरीच्या पहिल्या ३० फुटांचे वजन किती, यावरून तिचा क्रमांक ठरतो. पाच क्रमांकाच्या दोरीत हे वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम असते. तीन-चार क्रमांक लहान ओढ्यांसाठी. आठच्या पुढचे समुद्रासाठी आणि दांडग्या माशांसाठी. नवशिक्याने ट्राउटसाठी नऊ फुटांची, पाच क्रमांकाची काठी घ्यावी, असा जाणकारांचा सर्वसाधारण कौल आहे. ती फार नाजूक नसते आणि फार राठही नसते. थोड्या वाऱ्यातही दोरी नेते आणि वीतभर मासा लागला तरी हाताला कळवते. चार तुकड्यांत सुटी होणारी असली की एस.टी.च्या फळीवरही मावते. जोडल्यावर तिचे वजन शंभर ग्रॅमच्या आसपास भरते. आमच्या शब्दकोशांचा एकेक खंड तिच्या दसपट जड आहे.

इथवर सारे सरळ होते. खरा प्रश्न काठीच्या स्वभावाचा होता. काही काठ्या ताठ असतात. त्यांचा वरचा तिसरा हिस्सा तेवढा वाकतो आणि चटकन सरळ होतो. अशा काठीने दूरवर फेक जाते. जुने खेळाडू तिच्यावर जीव टाकतात. काही काठ्या निम्म्यापर्यंत वाकतात. काही थेट बुचाच्या मुठीपर्यंत वाकतात आणि सावकाश सरळ होतात. ताठ काठीला हाताची चूक चालत नाही. क्षणाची घाई झाली तर दोरी हवेतच गुंता करून कोसळते. मध्यम वाकणारी काठी चूक पोटात घेते. शिवाय वाकताना ती दोरीचे वजन मुठीपर्यंत पोचवते, त्यामुळे आपण काय करीत आहोत हे शिकणाऱ्याला हाताने समजते. नवशिक्याने म्हणून वाकणारी घ्यावी.

‘मोडेन पण वाकणार नाही’ हे वाक्य आम्ही आयुष्यभर गौरवाने उच्चारले आहे. निबंधाच्या वह्यांत त्याच्याखाली शाबासकीच्या रेघा ओढल्या आहेत. ते एका काठीच्या बाबतीत सदोष ठरावे, याचे आम्हांला आधी हसू आले. नंतर हसू आले नाही. त्याचे कारण सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

काठ्यांचा इतिहास वाचताना बांबू भेटतो. चीनच्या दक्षिणेकडचा एक विशिष्ट बांबू उभा चिरून, त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या तासून, त्या एकमेकींना चिकटवून षट्कोनी काठी करण्याची कला एकोणिसाव्या शतकात बहरली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या काठ्या आल्या. १९७० च्या दशकात कार्बनतंतू आले आणि काठ्या हलक्या व ताठ झाल्या. बांबूच्या काठ्या आजही काही कारागीर हाताने करतात आणि हौशी लोक त्या जपून वापरतात, कारण बांबूचे वाकणे त्यांना अजून दुसऱ्या कशात सापडलेले नाही.

हे वाचताना आम्हांला चिव्याची एक काठी आठवली. २०१७ च्या पावसाळ्यानंतर, चिरंजीव आठवीत असताना, घाटावरच्या भोयांच्या मुलांनी त्याला ती करून दिली होती. कृष्णा-कोयनेच्या संगमाजवळ तो त्या मुलांबरोबर बसे. पुढे शिष्यवृत्तीची परीक्षा होती. एका रविवारी तो चार बोटांचे दोन मासे घेऊन, चिखलाच्या पायांनी घरी आला. त्या दिवशी आमच्यातल्या एकाने ती काठी मोडली. चिवा सहजासहजी मोडत नाही. तो वाकला, आणखी वाकला, हातातून सुटून दोनदा सरळ झाला. शेवटी उंबऱ्यावर टेकवून पायाखाली धरून मोडावा लागला. आमच्यातली दुसरी दारात उभी होती आणि काही बोलली नाही. कुणाचा अपराध मोठा, यावर आम्ही पुढे अनेकदा वाद घातला. आता घालत नाही. या लेखात ‘आम्ही’ हे सर्वनाम येते ते संपादकीय रुबाबासाठी नव्हे, एवढे यावरून वाचकांच्या ध्यानी येईल.

शिष्यवृत्ती त्याला मिळाली होती. हेही सांगितले पाहिजे.

तर, काठी निवडायला बसलो तेव्हा आमच्या मनात काय होते, हे आता उघड आहे. आम्हांला सर्वांत चांगली काठी घ्यायची होती. नामांकित कंपन्यांच्या वरच्या श्रेणीतल्या काठ्या हजार डॉलरांच्या पुढे जातात, हे कळल्यावर आमचा धीर सुटला, तरी त्याखालची, तीस-पस्तीस हजारांची एक आम्ही हेरून ठेवली. आमच्यातल्या एकाची बारा वर्षे तासिका तत्त्वावर गेली आहेत. त्या वर्षांत घरात आलेली प्रत्येक वस्तू ‘स्वस्तात काय आहे’ या प्रश्नावरूनच आली. एकदा तरी मुलाला उत्तम वस्तू द्यावी, असे वाटणे अस्वाभाविक नव्हते. उंबऱ्यावर मोडलेल्या काठीची भरपाई त्यात होती, हे आम्ही एकमेकांशीही बोललो नाही.

चिरंजीवांनी चित्र पाहिले, किंमत पाहिली आणि म्हणाले, “महागातली नको.”

“पैशांचा विचार तू करू नकोस,” आम्ही म्हणालो.

“पैशांचं नाही. महागातली घेतली की मग मला जमायलाच लागेल.”

शिकवणीवर्गाची दोन वर्षांची फी किती झाली होती, हे त्याला ठाऊक होते. आम्हीच ते त्याला वेळोवेळी सांगितले होते. रागाने नव्हे, जबाबदारीची जाणीव व्हावी म्हणून. प्रत्येक पावतीबरोबर आपण मुलाच्या हाती काय ठेवीत होतो, ते त्या वाक्याने आम्हांला प्रथमच दिसले.

नवशिक्याने परवडणारी काठी का घ्यावी, याची कारणे तज्ज्ञ वेगळी देतात. ताठ आणि महाग काठीचे गुण त्याच्या हाताला कळणार नाहीत. पहिल्या वर्षी टोक मोडण्याचा संभव मोठा. आवड टिकेल की नाही, हे ठाऊक नसते. ही सारी कारणे रास्त आहेत. आमच्या मते मुख्य कारण चिरंजीवांनी सांगितले तेच. ज्या वस्तूपायी कुणाचे कर्ज झालेले नाही, तिच्याशी माणूस मोकळेपणाने चुकू शकतो. न जमण्याची सोय असावी लागते. आम्ही विद्यार्थ्यांना व्याकरण शिकवतो, वृत्ते शिकवतो. ही सोय आमच्या अभ्यासक्रमात कुठे नव्हती आणि घरात तर नव्हतीच.

मग त्याने स्वतः हिशोब मांडला. दहा हजारांच्या आत सारे बसवायचे, असे ठरले. त्याच्या मते सर्वाधिक काटकसर रिळावर करावी, कारण लहान ट्राउटच्या बाबतीत रीळ म्हणजे दोरी गुंडाळून ठेवण्याची जागा. काटकसर करूच नये ती दोरीवर. काठी मध्यम आणि दोरी उत्तम असेल तर शिकता येते. काठी उत्तम आणि दोरी टाकाऊ असेल तर काहीच जमत नाही. शेवटी साडेचार हजारांची काठी, अडीच हजारांची तरंगती दोरी, अठराशेचे रीळ, आणि उरलेल्यात निमुळते होत जाणारे पारदर्शक धागे व डझनभर माश्या, असे ९,७०० रुपयांत जमले. काठी नऊ फुटांची, पाच क्रमांकाची, चार तुकड्यांची, निम्म्यापर्यंत वाकणारी. घेताना पाहायच्या गोष्टी त्याने आम्हांलाही दाखवल्या: तुकडे जोडल्यावर दोरीच्या कड्या एका रेषेत येतात का, सांधा हलतो का, बुचाच्या मुठीत भुसा भरून बुजवलेली भोके फार आहेत का. तो हे दाखवीत असताना आम्ही दोघे बाकावरच्या मुलांसारखे उभे होतो.

शिकण्यास आरंभ झाला तो पाण्यावर नव्हे, गवतावर. जानेवारीच्या पहाटे महाविद्यालयाच्या मैदानावर आम्ही तिघे जाऊ लागलो. आकड्याऐवजी टोकाला तांबड्या लोकरीचा तुकडा बांधलेला असे. पहिल्या दिवशी पहारेकरी बराच वेळ पाहत राहिला आणि शेवटी न राहवून म्हणाला, “सर, हितं मासं कुठनं यायचं?” चिरंजीव हसले. जूनपासूनचे पहिले.

फेकण्याचे तंत्र सांगायला सोपे आहे. घड्याळाचे दहा आणि दोन हे दोन बिंदू मनात धरायचे आणि काठी त्यांच्या दरम्यान न्यायची. मागे नेताना दोनवर थबकायचे. दोरी पाठीमागे उलगडत जाते. ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचे. मग पुढे आणायची. सारे कौशल्य त्या थांबण्यात आहे. दोरी मागे उलगडण्याआधीच पुढे ओढली तर आसूडासारखा आवाज होतो आणि टोकाची माशी तुटून जाते. आमच्यातल्या एकाच्या हातून हा आवाज महिनाभर निघत राहिला. मागे गेलेली दोरी दिसत नाही. काहीच घडत नाहीसे वाटते. हात आपोआप पुढे रेटतो. “थांबा, बाबा. ती मागं गेलीय, येईल,” असे चिरंजीव म्हणत. तो दोरीबद्दलच बोलत होता. आम्ही मात्र त्या सहा महिन्यांचा, बंद दाराचा आणि फटीतल्या उजेडाचा विचार करीत राहिलो.

मे २०२४ मध्ये आम्ही हिमाचलात गेलो. चंदीगडहून मंडी, औटच्या बोगद्याशी मोठा रस्ता सोडून बंजार, आणि तेथून तीर्थन नदीच्या काठाने गुशैणी. आदल्या वर्षीच्या जुलैतल्या महापुराच्या खुणा कुलू जिल्ह्यात अजून जागोजाग दिसत होत्या. उचकटलेले रस्ते, पात्रात येऊन पडलेले घराएवढे धोंडे. नदीत ट्राउट होते. हा मासाही मूळचा येथला नव्हे. तपकिरी ट्राउट युरोपचा, इंद्रधनुषी ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. कुलूच्या खोऱ्यात १९०९ साली इंग्रज अधिकाऱ्यांच्या हौसेपायी त्याची पैदास सुरू झाली. परक्या पाण्यात तो रुजला. मत्स्य विभागाचा परवाना काढावा लागतो, हिवाळ्यात विणीच्या काळात बंदी असते, आणि बरेच जण आकड्याचा उलटा काटा दाबून टाकतात, म्हणजे मासा सोडताना इजा होत नाही.

पहिले दोन दिवस चिरंजीवांना काहीही लागले नाही. आम्ही काठावरच्या खडकावर बसून होतो. लागला का, असे विचारायचे नाही, असा आमचा आपसांत करार झाला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी काठी कमानीसारखी वाकली. वीतभर लांबीचा तपकिरी ट्राउट होता. अंगावर तांबडे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट वलय. त्याने आधी हात पाण्यात भिजवले, मासा प्रवाहाकडे तोंड करून धरला आणि हात सैल केला. आम्ही छायाचित्र काढायला उठलो तोवर मासा गेलेला होता.

मग तो काठाशी आला आणि काठी पुढे करून म्हणाला, “आता तुम्ही.”

आम्ही पाण्यात उतरलो. पाणी इतके गार होते की घोट्यांच्या खाली पाय आहेत की नाहीत, ते कळेना. आमच्यातल्या एकाने दोरी मागे नेली आणि ती थेट काठच्या झाडात अडकली. सोडवून दिल्यावर दुसरीने नेली. तीही त्याच फांदीत. माशी तुटली. एकूण चार माश्या आम्ही त्या झाडाला अर्पण केल्या. पाचव्या वेळी आम्ही अपराधी चेहऱ्याने त्याच्याकडे पाहिले. डझनभरातल्या आता थोड्याच उरल्या होत्या. तो फांदीतला गुंता नखांनी सोडवीत होता. वर न पाहता म्हणाला, “असू दे. परत टाका.”

हे चार शब्द आम्ही त्याला कधी म्हटले होते का, हे आठवण्याचा प्रयत्न आम्ही परतीच्या प्रवासात बराच वेळ केला.

आमच्या पिशवीच्या तळाशी त्या वेळी एक कागद होता. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाच्या प्रवेशाची माहिती आम्ही छापून नेली होती. माशांची आवड आहे तर मग त्याच शास्त्राची पदवी का घेऊ नये, अशी आमची अध्यापकी बुद्धी. नदीकाठी योग्य क्षण साधून तो विषय काढायचा, असे ठरले होते. योग्य क्षण पुष्कळ आले. कागद आम्ही बाहेर काढला नाही.

पुढे त्याचे काय झाले, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमच्या परिचितांना तो पडतोच, आणि आम्हीही वर्षानुवर्षे इतरांच्या मुलांविषयी हाच प्रश्न विचारीत आलो आहोत. त्याचे उत्तर येथे देत नाही. काठी शाबूत आहे. तिचे टोक एकदा दारात सापडून चेपले होते, ते त्याने रेशीम गुंडाळून आणि राळ लावून दुरुस्त केले. रविवारी पहाटे तिघांपैकी कुणी ना कुणी मैदानावर असते. आसूडाचा आवाज अजून अधूनमधून निघतो, पहिल्यापेक्षा कमी.